सामान उचलणं हेही काम आहे

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या एका वृद्ध दांपत्यानं दोघांसाठी व्हीलचेअर मागितली होती. मिळाली एकच. पत्नीला तीत बसवून ८० वर्षांचे पती शेजारून चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्या विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. दंडानं माणूस परत येत नाही. पण निदान जाब कोणाला विचारायचा हे तरी ठरलेलं होतं. खुर्ची पुरवणं कोणाची जबाबदारी, याचा नियम लिहिलेला होता.

आता असंच एखादं जोडपं विमानतळाच्या दाराबाहेर सुखरूप येऊन उभं आहे असं समजा. सोबत दोन जड बॅगा, एक घडीचा वॉकर, औषधांची पिशवी. ॲपवरून गाडी मागवली, गाडी आली. चालक उतरला, बॅगा डिकीत नीट लावल्या, आजींना हात दिला, तर ते त्यांचं नशीब. तो जागचा हलला नाही, ‘डिकी उघडी आहे, टाका’ एवढंच काचेतून म्हणाला, तर तेही त्यांचं नशीबच. दारापासून सीटपर्यंतच्या या दहा पावलांची जबाबदारी आपल्याकडे कोणाचीच नाही. विमानतळावर, रेल्वे स्थानकावर, रुग्णालयाच्या आत काही ना काही व्यवस्था असते. भाड्याच्या गाडीपाशी ती संपते आणि पुढचं सगळं माणुसकीवर सोडलेलं असतं.

माझं म्हणणं असं, की ते माणुसकीवर सोडणं थांबवलं पाहिजे. वृद्ध, अपंग, आजारी, गरोदर किंवा तान्हं मूल घेऊन निघालेल्या प्रवाशाचं सामान गाडीत चढवणं-उतरवणं हा प्रवासाचाच भाग मानावा, तो चालकाच्या कामात मोजावा आणि त्याचे पैसे चालकाला मिळावेत. त्या प्रवाशाकडून मात्र त्यासाठी एक रुपयाही जादा घेऊ नये.

माणुसकीवर माझा राग नाही. भरपूर चालक मनापासून मदत करतात, हे रोज दिसतं. स्वारगेटला एसटीतून उतरलेल्या म्हातारीचं बोचकं रिक्षात ठेवून, तिच्या गल्लीच्या तोंडाशी ते उतरवून देणारे रिक्षावाले मी पाहिले आहेत. गावाकडे वडापचा चालक ओळखीच्या आजोबांचं धान्याचं पोतं टपावरून उतरवून थेट ओट्यावर नेऊन ठेवतो. पण त्यात ‘ओळखीच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माणुसकी ओळखीच्या दिशेनं जाते, चांगल्या कपड्यांच्या दिशेनं जाते, बक्षिसी देऊ शकणाऱ्याच्या दिशेनं जाते. ज्याच्याकडे ओळख नाही, कपडे मळलेले आहेत, भाषा परकी आहे, त्याच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते, आणि गरज बहुधा त्यालाच सर्वांत जास्त असते.

परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून माणसं येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कित्येक कुटुंबं उपचार संपेपर्यंत राहतात. घर सोडून आलेल्या माणसाचं सामान म्हणजे नुसती सूटकेस नसते. भांडी, अंथरूण, रिपोर्टांची जाडजूड फाइल, एक्स-रेची मोठी पाकिटं असं सगळं असतं. दादर ते परळ हे भाडं छोटं, त्यात सामान जास्त, त्यात रुग्ण. चालकाच्या हिशेबात हे तोट्याचं गिऱ्हाईक. केमोथेरपीसाठी ज्यांच्या दंडात पिक लाइन, म्हणजे शिरेतून औषध देण्याची बारीक नळी, बसवलेली असते, त्यांना त्या हातानं जड उचलू नका असं सांगितलेलं असतं. डायलिसिसच्या रुग्णानं फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) असलेल्या हातावर पिशवीचा बंदही अडकवायचा नसतो. बायपास झालेल्या माणसाच्या छातीचं हाड जुळेपर्यंत कित्येक आठवडे त्याला वजन उचलायला मनाई असते. सिझेरियन झालेल्या बाईचंही तसंच. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. चाळिशीचा, धडधाकट दिसणारा माणूस ‘जरा बॅग ठेवता का’ म्हणाला, की चालकाच्या चेहऱ्यावर ‘याला काय धाड भरली’ असा भाव येतो. मग तो माणूस चारचौघांत आपलं दुखणं सांगत बसतो, नाहीतर गुपचूप स्वतःच उचलतो. मदत हक्काची असली की आपण आजारी आहोत हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

सामान हा शब्द आपण फार सरसकट वापरतो. काही वस्तू डिकीत टाकायच्या असतात, काही कधीच टाकायच्या नसतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते ठेवलं तर निकामी होऊ शकतं, आणि ते निकामी झालंय हे बाटलीकडे बघून कळेलच असं नाही. ऑक्सिजनचं सिलिंडर बंद, तापलेल्या डिकीत लोळत नेणं धोक्याचं. ते आत, घट्ट बांधून, काच थोडी खाली करून न्यावं, आणि गाडीत कोणी सिगारेट पेटवू नये. अंध माणसाची पांढरी काठी त्याच्या हातातच राहिली पाहिजे. तिला ‘सामान’ समजून काढून घेणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा आंधळं करणं आहे. त्याच्या बॅगा डिकीत ठेवताना ‘तीन नग ठेवले, काळी बॅग डावीकडे’ असं मोठ्यानं सांगायला चालकाला काय लागतं? त्या एका वाक्यानं पलीकडच्या माणसाची प्रवासभराची धाकधूक जाते.

माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे. त्यांना कोणी उचलावं लागत नाही. उंबऱ्यापाशी, पायरीपाशी, गाडीच्या दारापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो, आणि मागून हॉर्न वाजला की आणखीच चिकटतो. त्यांना लागतात दोन शांत मिनिटं आणि उतरल्या उतरल्या हाताशी येईल असा वॉकर. एकदा चालकानं मोठ्या उत्साहात सगळ्यात आधी वॉकर डिकीत टाकला आणि वर चार पिशव्या रचल्या. माणूस भला होता, तक्रारीला जागा नव्हती. पण घरी पोचल्यावर चार पिशव्या उतरवून वॉकर बाहेर येईपर्यंत वडील दार धरून रस्त्यावर उभे होते, आणि शेजारून दुचाक्या जात होत्या. जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी ठेवायचं, एवढी साधी गोष्ट. चांगुलपणाला ती उपजत माहीत नसते, शिकवावी लागते. अर्ध्या दिवसात शिकवता येते.

शिकवायची सोयही आहे. ॲग्रीगेटर, म्हणजे ॲपवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्या, यांच्यासाठीच्या केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालकासाठी पाच दिवसांचं, किमान ३० तासांचं प्रशिक्षण सांगितलेलं होतं. त्या तासांतले चार तास एका खऱ्या व्हीलचेअरला, एका वॉकरला आणि एका काठीला द्यावेत, आणि शिकवणारा स्वतः व्हीलचेअर वापरणारा किंवा अंध असावा. घडीच्या व्हीलचेअरचे ब्रेक कुठे असतात, पायटे कसे काढायचे, सीट मधून वर ओढली की ती कशी मिटते, हे पडद्यावरच्या चित्रफितीतून येत नाही. हातानं करावं लागतं. चुकीच्या ठिकाणी धरून उचलली तर आर्मरेस्ट सुटून हातात येतो, आणि खुर्ची मोडली तर त्या माणसाचे पायच गेले. हात लावण्याआधी विचारायचं, हेही तिथंच शिकवता येईल. अंधाला ढकलत न्यायचं नसतं, आपलं कोपर पुढे करायचं असतं.

आता चालकाची बाजू. ती मला या प्रश्नाची निम्मी बाजू वाटते, आणि तिच्याकडे न बघता केलेला कुठलाही नियम कागदावरच राहील.

ॲपवरच्या गाडीचा मीटर बहुधा ओटीपी टाकल्यावर सुरू होतो. त्याआधी सामान चढवण्यात गेलेली आठ-दहा मिनिटं चालकाच्या खिशातून जातात. थोडं वेटिंग फुकट, मग मिनिटाला किरकोळ आकार, तोही पूर्ण त्याच्या हाती पडेलच असं नाही. हप्ता, इंधन, कमिशन वजा जाता दिवसाला हाती काय राहतं यावर त्याचं घर चालतं, आणि त्यासाठी तो बारा-बारा तास एका बैठकीत काढतो. त्याची पाठ आधीच गेलेली असते. रुग्णालयाच्या दारात गाडी थांबवली तर शिट्टी, नो-पार्किंगचा फोटो, नाहीतर थेट टोइंग. बॅग उचलताना फाटली, आतली बरणी फुटली, नंतर काही हरवलं असं कोणी म्हणालं, तर तो एकटा पडतो. अशा माणसाला ‘उतरून मदत कर, नाहीतर दंड’ असं सांगणं म्हणजे एका अडलेल्याचं ओझं दुसऱ्या अडलेल्याच्या डोक्यावर ठेवणं होईल.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. ओझं उचलणं हे श्रम आहेत, आणि श्रमाला दर, मर्यादा आणि संरक्षण हवं, ही गोष्ट या राज्यानं १९६९ च्या माथाडी कायद्यात लिहून ठेवली. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि रिक्षा पंचायतही. उचलणारा आणि वाहून नेणारा, दोघेही कष्टकरीच, हे त्यांनी या दोन संघटनांतून दाखवलं. एका माणसानं किती वजन उचलावं यावर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्येच ५५ किलोंची शिफारस केली होती. रेल्वेच्या हमालाच्या दंडावर बिल्ला असतो आणि त्याचे दर ठरलेले असतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या भाडेपत्रकातही सामानाला नगाप्रमाणे जादा आकार आहे. म्हणजे सामानाला किंमत असते हे आपण फार आधी मान्य केलं आहे. फक्त ते डिकीत कोण ठेवणार, हे कुठेच ठरवलेलं नाही.

इथं एक अडचण येते. सामान चढवण्याचा दर लावायचा तर तो भरणार कोण? व्हीलचेअर वापरणाऱ्याकडूनच जादा पैसे घेतले, तर पाय नसल्याचा कर लावल्यासारखं होईल. म्हणून हा खर्च सगळ्यांत वाटला पाहिजे. प्रत्येक फेरीच्या भाड्यात अगदी थोडी रक्कम मिळवून त्यातून कंपनीनं मदतीची मिनिटं चालकाला चुकती करावीत. धडधाकट प्रवाशांनी तक्रार करू नये. आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी त्या रांगेत उभा राहणारच आहे, आणि नाही राहिला तरी त्याचे आईवडील राहतील.

इतर देशांनी हे करून पाहिलं आहे. ब्रिटनमध्ये टॅक्सी आणि खासगी भाड्याच्या गाड्यांसाठीचा अपंग प्रवाशांविषयीचा नवा कायदा २८ जून २०२२ पासून लागू झाला. चालकानं अपंग प्रवाशाला नेलंच पाहिजे, त्याची व्हीलचेअर किंवा इतर साधनं नेली पाहिजेत, वाजवी मदत केली पाहिजे आणि त्याचे जादा पैसे घ्यायचे नाहीत. मोडलं तर १,००० पौंडांपर्यंत दंड. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वेगळीच वाटते. ज्या चालकाला स्वतःलाच पाठीचं दुखणं आहे, ज्याच्या तब्येतीला हे झेपणारं नाही, त्याला वैद्यकीय कारणासाठी सूट मिळवता येते. म्हणजे कायद्यानं दोन्ही शरीरांचा विचार केला. अमेरिकेतल्या नियमातही टॅक्सीचालकानं व्हीलचेअर गाडीत ठेवायला मदत नाकारणं हा भेदभाव मानला आहे. तिकडचं सगळं आदर्श आहे असं मुळीच नाही. पण तिथल्या प्रवाशाला काय मागायचं हे माहीत आहे आणि चालकाला काय द्यायचं हे.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ४१ वाहतुकीबद्दल बोलतं: बसथांबे, रेल्वे स्थानकं, विमानतळ, रस्ते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ल्याच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, बंधनकारक निकष ठरवा. हा निकाल मोठा आहे. पण त्याचा अर्थ लावताना आपली नजर पुन्हा रॅम्प आणि लिफ्टकडेच जाते. रॅम्पच्या खाली उभ्या असलेल्या गाडीकडे आणि तिच्या चालकाकडे ती जात नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद होती. वृद्ध आणि आजारी वेगळे. यातल्या कितीजणांच्या दारात स्वतःची गाडी आहे? बाकीच्यांचा प्रवास कोणाच्या ना कोणाच्या भाड्याच्या गाडीतच संपतो. ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली तेव्हापासून म्हातारी माणसं पुन्हा गावोगाव फिरू लागली, हे फार चांगलं झालं. पण एसटी स्टँडपर्यंतच नेते.

गाडीचाही विचार करावा लागेल. आपल्या शहरांतल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि टाकी डिकीत असते. उरलेल्या जागेत एक मध्यम बॅग कशीबशी बसते, व्हीलचेअर बसत नाही. मग ती पुढच्या सीटवर आडवी, नाहीतर छतावर दोरीनं बांधून, नाहीतर ‘साहेब, तुम्हीच कॅन्सल करा ना, मी केलं तर मला दंड पडतो’. हे शेवटचं वाक्य व्हीलचेअर वापरणाऱ्या कुठल्याही पुणेकराला, मुंबईकराला पाठ असेल. गेल्या काही वर्षांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवलेल्या गाड्या बाजारात आल्या आहेत. म्हणजे हे अशक्य नाही. नव्या टॅक्सीला परवाना देताना घडीची व्हीलचेअर मावेल एवढी मोकळी डिकी आहे की नाही, हे आरटीओनं पासिंगच्या वेळीच बघावं. ब्रेक आणि दिवे तपासतात, तसंच हेही.

‘घरच्यांनी सोबत जावं’ असं सांगणारे पुष्कळ आहेत. ‘एकटे कशाला आलात?’ हा प्रश्न चालकच विचारतो असं नाही. वॉचमन विचारतो, नर्स विचारते, रांगेतला मागचा माणूस विचारतो. मला हा प्रश्न क्रूर वाटतो. मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीत, सूनबाईंची नोकरी, आणि डायलिसिस आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं. रोज कोणी रजा काढायची? आणि सगळे घरात असले तरीही, एखाद्या बाईला आपली काठी, आपली पर्स आणि आपली वेळ घेऊन एकटीनं बहिणीकडे जावंसं वाटत असेल, तर तिला सोबतीचा दाखला का मागावा? एकटं निघता येणं हे मोठं स्वातंत्र्य आहे. तरुणपणी ते आपल्याला आपोआप मिळालेलं असतं म्हणून त्याची किंमत कळत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे. मदतीच्या नावाखाली अनोळखी माणूस किती जवळ येणार? एकट्या बाईच्या घरात शिरणार का? म्हणून मर्यादाही लिहून ठेवावी लागेल. सामान घराच्या किंवा लिफ्टच्या दारापर्यंत, आत नाही. पर्स, पैसे, दागिने, औषधं प्रवाशाच्या हाताशीच. शरीराला हात लावायचा तो विचारूनच. अशा रेषेमुळे बाई निर्धास्त होते आणि खोट्या आरोपाची भीती वाटणारा चालकही.

२०२५ मध्ये राज्य सरकारनं ॲप-टॅक्सींसाठी धोरण आणलं, विनाकारण फेरी रद्द करणाऱ्या चालकाला दंडाची तरतूद केली. सुरुवात म्हणून ठीक आहे. पण फक्त चालकाला दंड लावून कंपनीला मोकळं सोडलं, तर ‘तुम्हीच कॅन्सल करा’ हे वाक्य आणखी पाठ होईल. त्याच नियमांत चार गोष्टी घालायला काय हरकत आहे? गाडी मागवतानाच ‘सामानाला मदत लागेल’ असं सांगता यावं, कारण न विचारता. असं सांगितलेल्या फेरीत चालक दारात पोचल्या क्षणापासून त्याची मिनिटं मोजली जावीत आणि ते पैसे कंपनीनं द्यावेत. झेपत नसलेल्या चालकाला डॉक्टरच्या दाखल्यावर अशा फेऱ्यांतून सूट मिळावी. आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या, स्थानकाच्या, एसटी स्टँडच्या दारात दहा मिनिटं गाडी थांबवता येईल अशी दोन-तीन गाड्यांची आखलेली जागा असावी, जिथं वाहतूक पोलीस फोटो काढणार नाही. ही शेवटची गोष्ट तर कुठल्याही कंपनीची वाट न बघता महापालिकेला आणि वाहतूक शाखेला लगेच करता येईल. लागतो तो पिवळा रंग आणि एक आदेश. पुण्यात ससून रुग्णालयापासून आणि मुंबईत परळपासून सुरुवात करावी.